एक्केचाळीस किलोमीटर

रुग्णालयात त्याला सगळे ‘पुन्हाएकदा’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. लिफ्टचं दार लागलं की नाही हे एकदा बघून ज्याचं भागत नाही, त्याला लोक दुसरं काय नाव ठेवणार? दार लावून दोन पावलं गेला की तो थांबायचा, मान वळवायचा, ‘पुन्हा एकदा बघतो’ असं कुणी न विचारताच सांगायचा आणि परत फिरायचा. घरीही तेच. कुलूप ओढून बघायचं, जिना उतरायचा, अर्ध्या जिन्यातून परत वर यायचं. बायकोने पहिली काही वर्षं समजावलं, नंतरची काही वर्षं कपाळावर हात मारून घेतला, आणि आता ती नुसती आतून ओरडते, “अहो, मी घरातच आहे! मला कशाला कोंडताय?”

वय चोपन्न, काम लिफ्ट मेकॅनिकचं, नोकरी एकोणतीस वर्षांची. रुग्णालय सात मजल्यांचं आणि त्यात दोन लिफ्ट. एक लहान, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांची. दुसरी मोठी, जिच्यात स्ट्रेचर मावतं. या मोठीत त्याचा जीव अडकलेला. तिच्या शेजारी तळमजल्यावर त्याची खोली होती. खोली कसली, कोनाडाच. एक स्टूल, एक टेबल, ग्रीसचे डबे आणि भिंतीवर लिफ्टचं पॅनल. तिथे बसून तो दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकायचा. आवाज बदलला की याचा चेहरा बदलायचा, आणि याचा चेहरा बदलला की सिस्टर एकमेकींकडे बघून हसायच्या.

हसायला कारणही होतं. दोन वर्षांपूर्वी त्याला लिफ्टच्या छताकडून खरखर ऐकू आली आणि त्याने तडकाफडकी लिफ्ट बंद केली. नुकतीच शस्त्रक्रिया झालेला एक माणूस चाळीस मिनिटं दारात स्ट्रेचरवर पडून राहिला, नातेवाइकांनी रुग्णालय डोक्यावर घेतलं, आणि शेवटी निघालं काय, तर पंख्याजवळचा एक सैल पत्रा. व्यवस्थापकसाहेबांनी लेखी ताकीद दिली: यापुढे परवानगीशिवाय लिफ्ट थांबवली, तर पार्किंगच्या फाटकावर बसावं लागेल. तो कागद त्याने घरी नेऊन कपाटात शर्टांखाली ठेवला आणि महिनाभर रोज काढून वाचला. शब्द काही बदलले नव्हते.

आठ महिन्यांपूर्वी देखभालीचं कंत्राट नव्या कंपनीकडे गेलं. कंपनीच्या लोकांनी आल्या आल्या मोठ्या लिफ्टचे पाचही पोलादी दोर तपासले आणि लिहून दिलं की दोर जुने आहेत, पण आणखी हजार किलोमीटर चालतील, मग बदला. हे हजार किलोमीटर मोजायला त्यांनी नवं पॅनल बसवलं. जुन्या पॅनलवर फेऱ्यांचा साधा आकडा यायचा, आणि तो हा रोज वहीत उतरवून ठेवायचा. नवं पॅनल हुशार. ते मोटारीच्या वेगावरून अंतर काढायचं आणि दर तासाला पडद्यावरचे किलोमीटर वाढवायचं. “हजार जवळ आले की आम्हाला आपोआप निरोप येईल, काका,” तरुण इंजिनिअर म्हणाला. “तोवर दोरांकडे बघायचीसुद्धा गरज नाही.” वरच्या मशीनच्या खोलीला कंपनीने स्वतःचं कुलूप घातलं, आणि व्यवस्थापकसाहेबांनी ती वही बंद करायला सांगितलं. ती त्याने घरी नेऊन माळ्यावर ठेवली.

पॅनल बरोबर मोजतंय, यावर रुग्णालयाच्या माणसाची सही हवी होती. ती याचीच असणार, दुसऱ्या कुणाची असणार? इंजिनिअरने आकडा शून्यावर आणला, दोघं लिफ्टने तळमजल्यावरून वरच्या टोकाला गेले, आणि तास भरायची वाट नको म्हणून इंजिनिअरने बटण दाबून हिशेब लगेच मागवला. बावीस मीटर. उंची बरोबर बावीसच होती. इंजिनिअरने पेन पुढे केलं. हा म्हणाला, “पुन्हा एकदा.” खाली येऊन आकडा शून्य केला, वर जाऊन बावीस. “पुन्हा एकदा.” पुन्हा शून्य, पुन्हा बावीस. मग त्याने कागदावर ‘तीन वेळा तपासले, बरोबर आहे’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. त्या दिवशी घरातून निघालेला हा माणूस आणि त्या दिवशी घरी परतलेला माणूस यांत फरक होता. त्याच्या जिवाला निदान एका गोष्टीचा तरी घोर उरला नव्हता.

पॅनलचा आकडा अगदी सावकाश वाढत होता. महिन्याला पाच किलोमीटर, क्वचित सहा. आठ महिने झाले तेव्हा तो एक्केचाळीसवर होता. व्यवस्थापकसाहेब खूश होते, कारण या चालीने दोर त्यांच्या निवृत्तीपर्यंत बदलावे लागणार नव्हते. आता गेले दोन आठवडे चौथ्या मजल्याजवळ लिफ्टमधून एक बारीकसं ‘टक्’ ऐकू येत होतं खरं. याचे कान टवकारायचे. मग तो पॅनलकडे बघायचा, एक्केचाळीस वाचायचा, कपाटातला कागद आठवायचा आणि स्वतःलाच दटावायचा. हजारातले एक्केचाळीस! उगाच भुई धोपटण्यात काय अर्थ होता?

आता घराकडे येऊ, कारण गोष्ट खरी तिथेच उलटली.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत बायकोची गणिताची शिकवणी, मागे स्वयंपाकघर, मध्ये पडदा. बावीस वर्षं ती कॉलेजच्या उंबरठ्यावरची मुलंमुली शिकवत होती आणि बावीस वर्षं हा पाचला घरी येऊन, हातपाय धुऊन, पडद्यामागे आपलं ताट वाढून घेत होता. तो स्वतः त्या वयात गणितात दोनदा नापास झाला होता आणि पुस्तकं बांधून ठेवून त्याने पाना हातात घेतला होता. पण कान काही बांधून ठेवता येत नाहीत. वर्षानुवर्षं तेच धडे, त्याच चुका, त्याच शिव्या ऐकून त्याला कितीतरी गणितं तोंडपाठ झाली होती. बायकोला त्याने हे कधी कळू दिलं नाही. तिने फळ्यापाशी उभं केलं तर काय घ्या, ही धास्ती.

त्या संध्याकाळी फळ्यावर एक गणित होतं. एक वस्तू सरळ रेषेत जाते, तिचा वेग दोन टी वजा सहा, टी म्हणजे गेलेले सेकंद, तर पहिल्या चार सेकंदांत तिने किती अंतर कापलं? एका मुलीने झटक्यात उत्तर दिलं, “आठ मीटर.”

“आठ कसं आलं?”

“इंटिग्रेशन केलं, शून्य ते चार. वजा आठ आलं. पण अंतर कधी वजा नसतं ना, म्हणून मी मॉड घेतला.” इंटिग्रेशन म्हणजे क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज, आणि मॉड म्हणजे आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभे दांडे, जे वजा चिन्ह गिळून टाकतात.

“चुकलीस ना वळणावर! दरवर्षी एक तरी चुकतेच.” बायकोचा खडू फळ्यावर आपटला. “वस्तू पहिले तीन सेकंद मागे जाते. किती? नऊ मीटर. मग थांबते, वळते आणि शेवटच्या सेकंदात एक मीटर पुढे येते. चालली किती?”

“दहा.”

“दहा. तुझे दोन मीटर गेले कुठे? तू मागचं आणि पुढचं आधी एकमेकांत कापून टाकलंस. जे उरलं ते विस्थापन, म्हणजे निघालो तिथून किती लांब आहोत एवढंच. आणि मग त्याचं चिन्ह पुसून त्यालाच अंतर म्हणालीस. अगं, चिन्ह पुसायचं ते बेरजेच्या आधी! दांडे वेगाला घालायचे, उत्तराला नाही. बेरीज झाल्यावर पुसलंस तर जे कापलं गेलं ते परत कुठून आणणार?”

हे तो शंभरदा ऐकून चुकला होता. पण त्या दिवशी त्याचा हात ताटावरच थांबला. मागचं आणि पुढचं आधी एकमेकांत कापून टाकलं. वर आणि खाली.

त्याने ताट बाजूला सारलं, माळ्यावरून जुनी फेऱ्यांची वही काढली आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. दिवसाला साधारण साडेचारशे फेऱ्या. फेरी कधी एका मजल्याची, कधी सगळ्या; सरासरी बारा मीटर धरू. म्हणजे दिवसाला पाच हजार चारशे मीटर. साडेपाच किलोमीटरच्या आसपास, रोज! आणि पॅनल म्हणत होतं महिन्याला पाच. आठ महिन्यांचे दिवस दोनशे चाळीस. त्याने गुणाकार केला, मग पुन्हा एकदा केला, मग तिसऱ्यांदा. तेराशेच्या जवळ. दोर हजाराला बदलायचे होते.

बायकोला तो काही बोलला नाही. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, एवढं सांगितलं तरी पुरे.

सकाळी कामावर जाताच त्याने एक गोष्ट केली. बरोबर दहाच्या ठोक्याला लिफ्ट तळमजल्यावर थांबवून धरली. पॅनलने तास पुरा करून आकडा दाखवला: एक्केचाळीस किलोमीटर तीनशे सहा मीटर. मग त्याने लिफ्ट सोडली आणि स्टुलावर बसून कागदावर रेघा मारत गेला. गर्दीची वेळ होती. स्ट्रेचर वर गेलं, जेवणाची गाडी आली, चादरी खाली आल्या, ऑक्सिजनचे सिलिंडर वर गेले. अकराला दोन मिनिटं असताना त्याने लिफ्ट पुन्हा तळमजल्यावर धरली. कागदावर अडतीस रेघा होत्या. पॅनलवर आकडा आला: एक्केचाळीस किलोमीटर तीनशे सहा.

अडतीस फेऱ्या, आणि एक मीटरही नाही.

बाराला त्याने उलटं केलं. लिफ्ट सातव्यावर असताना तास भरू दिला. पॅनल बावीस मीटरनी पुढे सरकलं, ना जास्त ना कमी. मधल्या तासातल्या साऱ्या धावपळीतून पॅनलला एवढंच दिसलं होतं की लिफ्ट खाली होती आणि आता वर आहे. तासभराचं वर-खाली ते आधी एकमेकांत कापत होतं आणि मग उरल्यासुरल्याचं चिन्ह पुसून त्याला अंतर म्हणत होतं. थेट त्या मुलीसारखं.

‘टक्’ आवाज झाला. चौथा मजला.

व्यवस्थापकसाहेबांनी त्याला दारात पाहिलं तेव्हाच त्यांचा चेहरा आंबट झाला. त्याने रेघांचा कागद टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, पण घाबरलेला माणूस सांगतो ते नेहमी शेवटाकडून, त्यामुळे साहेबांना एवढंच कळलं की याला लिफ्ट बंद करायची आहे.

“पुन्हा?” ते म्हणाले.

“साहेब, पॅनल चुकीचं मोजतंय. दोर तेराशे किलोमीटर धावलेत.”

“पॅनल सांगतंय एक्केचाळीस, तुम्ही सांगताय तेराशे. थोडा तरी ताळमेळ असावा माणसाला.” त्यांनी फोन लावून कंपनीच्या इंजिनिअरला विचारलं, आणि फोन याच्याकडे दिला.

“काका,” इंजिनिअर पलीकडून हसत म्हणाला, “पॅनल तर तुम्हीच तपासलंय की. तेही तीनदा! तुमच्या सहीचा कागद माझ्यासमोर आहे. परवा येणारच आहे मी, तेव्हा बघू.”

फोन ठेवून साहेबांनी सांगितलं, “आज तीन शस्त्रक्रिया आहेत. लिफ्टला हात लावायचा नाही. ताकीद आठवतेय ना?”

ताकीद त्याला पाठ होती. त्याला टोचत होती ती ताकीद नव्हे, तो दुसरा, सहीचा कागद. कोनाड्यात येऊन त्याने बायकोला फोन लावला. कामावरून तो कधी फोन करत नसे, म्हणून तिने उचलताच विचारलं, “काय झालं? पडलात का कुठे?”

“नाही. ऐक. वेगाचं इंटिग्रेशन एकेका तासाचं केलं आणि मग त्याला मॉड घातला, आणि असे सगळे तास बेरजेत धरले, तर ते अंतर होतं का?”

ती म्हणाली, “नाही होत. त्या तासात दिशा बदलली असेल तर नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“तू.”

“मी? कधी?”

“बावीस वर्षं. पडद्याआडून.” आणि मग त्याने तिला सगळं सांगितलं, या वेळी सुरुवातीपासून. रेघा, अडतीस, बावीस, तेराशे, टक्. शेवटी म्हणाला, “पण मी तपासलं होतं गं. तीनदा तपासलं होतं.”

“तिन्ही वेळा वर जातानाच?”

“हो.”

“आणि खाली आल्यावर?”

“खाली आल्यावर आकडा शून्य करायचो.”

“मग तीनदा कुठे? एकदाच तपासलंत,” ती म्हणाली. एरवी याच वाक्यानंतर तिचा खडू आपटला असता. आज आवाज हळू होता, आणि त्यामुळे ते त्याला जास्त लागलं.

“मी चुकत असलो तर? पुन्हा पत्राच निघाला तर?”

“तर फाटकावर बसाल. डबा तिथे पाठवीन. आणि चुकत नसलात तर काय, ते मला बोलायला लावू नका.”

त्याने फोन ठेवला. मोठी लिफ्ट तळमजल्यावर येत होती. दार उघडलं, आतून रिकामं स्ट्रेचर घेऊन दोघं बाहेर पडले. याने आत बघितलं, कुणी नव्हतं, आणि किल्ली फिरवली. आतला दिवा विझला. स्टूल उचलून त्याने दारात आडवं ठेवलं. किल्ली त्याने खिशात घातली.

मग जे व्हायचं ते झालंच. सिस्टर धावत आल्या, त्यांच्यामागे नातेवाईक आणि त्यांच्यामागे साहेब. साहेबांनी किल्ली मागितली. एकोणतीस वर्षांत त्याने साहेबांना ‘नाही’ असा शब्द म्हटला नव्हता, आणि तो त्या दिवशीही म्हणता आला नाही. तो नुसता खिशावर हात दाबून उभा राहिला. “ठीक आहे,” साहेब म्हणाले, “इंजिनिअरला आत्ताच बोलावतो. त्याच्या हातूनच काय ते होऊ दे. उद्यापासून फाटक.”

शस्त्रक्रियेला जायची पहिली पाळी एका आजींची होती, मांडीचं हाड मोडलेल्या. पाचव्या मजल्यापर्यंत स्ट्रेचर न्यायचं तर इमारतीच्या मागे सगळे मजले जोडणारा उताराचा रस्ता, म्हणजे रॅम्प होता, आग लागली तर वापरायचा. चौघांनी स्ट्रेचर धरलं, आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याला पुन्हाएकदा होता. एकेका वळणावर आजी कण्हत होत्या. तिसऱ्या वळणावर त्यांनी विचारलं, “लिफ्ट कुणी बंद केली रे मेल्यांनो?”

“मी केली, आजी.”

“तुझं वाटोळं होवो.”

“हो, आजी,” तो म्हणाला, आणि ढकलत राहिला. त्याला वाटलं, आपण चुकलो असलो तर या बाईला झालेल्या प्रत्येक हिसक्याचे आपण धनी.

तो खाली आला तेव्हा इंजिनिअर कुलूप उघडून मशीनच्या खोलीत गेला होता. साहेब पॅनलसमोर घड्याळ बघत उभे होते. वीस मिनिटं गेली. या वीस मिनिटांत त्याच्या मनात एक गोष्ट आली, आणि ती त्याने पुढे बायकोशिवाय कुणाला सांगितली नाही. दोर खराब निघावेत, असं त्याला वाटू लागलं. मनापासून, देवाकडे काही मागावं तसं. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण काय मागतोय. दोर खराब असतील तर आठ महिने ज्यांना आपण त्या लिफ्टमधून वर पाठवलं, दिवसाला साडेचारशे फेऱ्या, ते सगळे आपल्या सहीवर लटकत होते. तो भिंतीला टेकून खाली बसला.

इंजिनिअर जिन्याने उतरत आला. हातमोजा काढून त्याने तो साहेबांसमोर धरला. तळव्याच्या बाजूने मोजा फाटला होता. दोरावरून नुसता हात फिरवताना तुटलेल्या तारांनी तो फाडला होता. पाचांपैकी दोन दोरांवर अशा तारा उभ्या राहिल्या होत्या, आणि तिसऱ्या दोराची एक अख्खी लड तुटून सुटली होती. लिफ्ट चौथ्या मजल्यापाशी आली की दर वेळी ती वरच्या कप्पीवर आपटत होती. टक्.

“एकदम पडली नसती,” इंजिनिअर म्हणाला, पण तो हसत नव्हता. “पाच दोर आहेत, खाली सुरक्षेचे ब्रेक आहेत. पण मी... मी माझ्या आईला यात बसवलं नसतं.”

साहेबांनी मोजा हातात घेऊन बघितला. मग त्यांनी याच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणतीस वर्षांत तेही पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कंपनीला पाठवायचं पत्र त्याला वाचून दाखवलं. ‘आमच्या दक्ष कर्मचाऱ्याने ही गंभीर चूक वेळीच उघडकीस आणली,’ असं त्यात होतं. तो ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, “साहेब, एक वाक्य राहिलं. त्याच कर्मचाऱ्याने आठ महिन्यांपूर्वी हे बरोबर आहे म्हणून सही केली होती.”

“अहो, कशाला स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय? चूक केलीत, चूक शोधलीत. फिट्टंफाट! विषय संपला.”

“फिट्टंफाट होत नाही, साहेब,” तो म्हणाला. “पॅनल तेच तर करत होतं. जे झालं ते दोन्ही लिहा. एकातून दुसरं कापू नका.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पेन उचललं आणि ते वाक्य लिहिलं.

चार दिवसांनी नवे दोर बसले. पॅनलचा हिशेबही इंजिनिअरने नव्याने लिहून आणला. आता दांडे वेगाला होते, उत्तराला नव्हते. पुन्हा सहीचा कागद आला. इंजिनिअरने आकडा शून्यावर आणला, दोघं वर गेले, बटण दाबलं. बावीस. सवयीने इंजिनिअरने पेन पुढे केलं.

“आता खाली,” पुन्हाएकदा म्हणाला. “शून्य न करता.”

खाली आले. चव्वेचाळीस.

“झालं ना, काका?”

“पुन्हा एकदा. चौथ्यापर्यंत जाऊ आणि तिथून परत फिरू.”

दारात सिस्टर रिकामं स्ट्रेचर धरून खोळंबल्या होत्या. पाचव्या मजल्यावरच्या आजींना घरी सोडायचं होतं आणि उशीर होत होता. पुन्हाएकदाने त्यांच्याकडे अपराधी नजरेने बघितलं. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी स्ट्रेचर भिंतीला लावलं आणि म्हणाल्या, “बघून घ्या. आम्ही थांबतो.”